कुत्र्यालाही चालू द्या

कुत्रा पाळला की त्याला भाकर-पाणी द्यावे, एवढे आपण सारेच जाणतो. पण त्याला फिरवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे आपल्या वस्त्यांत किती जणांना ठाऊक आहे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ सांगते, की नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने त्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये. पण मुक्या जीवाचे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे. सदा बांधलेला कुत्रा सुस्तावतो, चिडका होतो आणि एखाद्या दिवशी घरच्याच लेकरावर धावून जातो.

अडचण आम्हांला कळते. घरची माणसे सकाळीच कामावर जातात. त्यात आपले वऱ्हाडचे ऊन! मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः तळपायांनाच येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. भर उन्हात डांबरी रस्त्यावर त्याला पळवणे म्हणजे त्याचे पाय भाजणे आणि उष्माघाताला बोलावणे.

यावर काही पैसेवाल्या हौशी मंडळींनी कुत्र्यांसाठी ट्रेडमिल आणल्या आहेत. ट्रेडमिल म्हणजे मोटारीवर फिरणारा पट्टा. कुत्रा त्यावर जागच्या जागी चालतो. ही कल्पना मात्र नवी नाही. विलायतेत पूर्वी स्वयंपाकघरातल्या चाकात छोटा कुत्रा पळवीत आणि त्या चाकाच्या जोरावर विस्तवावरचे मांस फिरवून भाजीत. १९ व्या शतकात अमेरिकेत कुत्र्याला फिरत्या पट्ट्यावर चालवून लोणी काढीत. इंग्लंडमध्ये १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंजिनिअरने तुरुंगातील कैद्यांसाठी असेच पायचाक बनवले. तिथे ती शिक्षाच होती. यंत्राने जीवाला राबवायचे की त्याचे भले करायचे, हे शेवटी माणसावरच असते.

आज पशुवैद्य या पट्ट्याचा चांगला उपयोग करतात. पायाचे ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवतात. पाणी अंगाचा भार उचलते, त्यामुळे दुखऱ्या सांध्यावर ताण कमी पडतो. घरी यंत्र वापरणाऱ्यांसाठी नियम साधे आहेत. आधी बंद पट्ट्यावर कुत्र्याला उभे राहू द्यावे, मग अगदी हळू, दोन-चार मिनिटेच चालवावे. गळ्यातली दोरी यंत्राला कधीही बांधू नये. पाय घसरला तर फास बसतो. त्याला एकटे सोडून जाऊ नये आणि नको म्हणत असेल तर जबरदस्ती करू नये.

पण पट्ट्यावर माती नाही, वास नाही, दुसरा कुत्रा नाही. कुत्रा नाकाने जग वाचतो. म्हणून ज्याच्या घरी ट्रेडमिल नाही, त्याने मन छोटे करू नये. सूर्य उगवण्यापूर्वी वीस मिनिटे आणि रात्री जमीन निवल्यावर वीस मिनिटे, एवढे पुष्कळ. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. पिल्लू, म्हातारा किंवा बसक्या नाकाचा कुत्रा असेल तर फेरी छोटी ठेवावी. घरात सर्वांनी पाळी वाटून घ्यावी. लहान मुलासोबत मात्र मोठे माणूस असावेच.

फार धापा, लाळ, लटपटणारे पाय दिसले तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाच आहे.

आपल्या दाराशी राखण करणाऱ्याला दिवसाची चाळीस मिनिटे देणे आपल्या ऐपतीबाहेरचे नाही. आज रात्री साखळी सोडा, दोरी हातात घ्या आणि निघा.