शेणाच्या टाकींतील विषारी वायु व तो ओळखणारे सच्छिद्र पदार्थ

बारामती तालुक्यांतील खांडज येथें मार्च २०२३ मध्यें शेणाच्या टाकींत गुदमरून चार माणसें दगावलीं, हें आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. एक जण आंत कोसळला, आणि त्यास काढावयास उतरलेलेही वर आले नाहींत. पुढें एप्रिल २०२४ मध्यें नेवासें तालुक्यांतील वाकडी येथें शेण सांठविलेल्या जुन्या विहिरींत मांजर पडल्याचें निमित्त होऊन पांच जण गेले; कमरेस दोर बांधून उतरलेला एक मात्र वांचला. बारामती व इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांत उसाच्या जोडीस संकरित गाईंचे गोठे आहेत, व गोठ्यामागें शेणाची टाकी किंवा गोबर गॅस असणें ही आतां नित्याची गोष्ट झाली आहे. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

शेण हवेवांचून कुजलें म्हणजे मिथेन, कार्बन डायॉक्साइड व थोडा हायड्रोजन सल्फाइड हे वायु होतात. घातक तो हा तिसरा. तो हवेहून जड असल्यामुळें खालीं सांचतो, आणि शेणांत कोंडलेला असेल तर काठीनें ढवळतांच एकदम सुटतो. त्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा. पण “वास आला कीं बाहेर येऊं” असें म्हणणारा फसतो. हवेच्या दहा लक्ष भागांत ह्याचे सुमारें १०० भाग झाले कीं थोड्याच वेळांत नाक बधिर होतें, व वायु गेला असें वाटूं लागतें. ५०० ते ७०० भागांवर माणूस कांहीं मिनिटांत शुद्ध हरपतो. १,००० च्या वर एकदोन श्वास पुरे होतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल येथें निरुपयोगी आहे. प्राणवायु फार कमी झाल्यास कंदील विझतो, पण इतक्या थोड्या विषाची त्यास दादही नसते. उलट मिथेन असल्यास भडका उडावयाचा.

नाकाचें हें काम करणाऱ्या साधनांत सच्छिद्र पदार्थ कां लागतो, तें आपल्या काळ्या जमिनीवरून समजेल. काळ्या मातींतील मॉन्टमोरिलोनाइट ह्या खनिजाच्या एका ग्रॅमांतील सर्व कणांचा पृष्ठभाग मांडला, तर तो सातआठशें चौरस मीटरपर्यंत भरतो. पाणी व खत धरून ठेवण्याची शक्ति त्या पृष्ठभागांत असते. वायुशोधकांतही सारा व्यवहार पृष्ठभागावरच चालतो. जपानांतील नाओयोशी तागुची ह्यांनीं १९६२ सालीं ज्या शोधकासाठीं पेटंट मागितलें, त्यांत कथिलाच्या ऑक्साइडचे बारीक कण भाजून सच्छिद्र थर केलेला असतो. तो दोनतीनशें अंशांपर्यंत तापविला कीं हवेंतील प्राणवायु कणांस चिकटून त्यांतील विजेचे कण अडवून धरतो, व प्रवाह कष्टानें वाहतो. विषारी वायु छिद्रांतून आंत शिरला म्हणजे तो ह्या प्राणवायूशीं संयोग पावतो, अडविलेले कण सुटतात, आणि प्रवाह वाढून भोंगा वाजतो. थर घट्ट असेल तर वरचेच कण कामास येतात, जसें चोपण जमिनींत पाणी वरच्या वर राहतें. हायड्रोजन सल्फाइड नेमका टिपण्यासाठीं ह्या थरांत तांब्याचें ऑक्साइड मिसळतात. वायूनें त्याचें सल्फाइड बनतें व वीज सुलभ वाहते.

धातु व सेंद्रिय द्रव्यें जोडून केलेल्या नव्या सच्छिद्र जाळ्यांबद्दल किटागावा, रॉबसन व याघी ह्यांस २०२५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांपासून वायुशोधक करण्याचे प्रयोग चालू आहेत, परंतु आमच्या मतें शेतकऱ्यानें त्यांची वाट पाहत बसूं नये.

स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारी डबी ह्या कामास चालणार नाहीं. हायड्रोजन सल्फाइड, प्राणवायु, कार्बन मोनॉक्साइड व पेट घेणारे वायु हीं चारही मोजणारें हातयंत्र मिळतें; एका शेतकऱ्यास तें जड जात असेल तर गांवच्या सोसायटीनें एक घेऊन ठेवावें. टाकी ढवळून, झांकण बराच वेळ उघडें ठेवून, यंत्र दोरीनें वर, मध्यें व तळाशीं सोडून पहावें, आणि सल्फाइड १० भागांच्या वर दिसल्यास कोणीही उतरूं नये. उतरलेल्याच्या कमरेस दोर असावा व दोराचें टोंक धरणारे दोघे बाहेरच रहावेत. टाकींतील दमटपणानें व कालांतरानें हीं यंत्रें मंदावतात. म्हणून ठराविक प्रमाणाच्या वायूची नळी लावून तें बरोबर बोलतें कीं नाहीं, हें वापरण्यापूर्वीं ताडून पहावें.