विश्लेषण : मिग गेले, ओझरच्या आठवणी कोण जपणार?

भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ लढाऊ विमानाला निरोप दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. एक पर्व संपले आणि त्याच आवारात दुसरे सुरू झाले. मात्र ज्या हातांनी मिग बांधले, त्यांचे अनुभव, कागदपत्रे आणि छायाचित्रे जपण्यासाठी आता फार वेळ उरलेला नाही.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा महाराष्ट्राशी संबंध काय?

‘एचएएल’ म्हटले की बंगळूरु आठवते. पण तिची पूर्वसुरी असलेली ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी उभी केली. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी भेट झाली. त्यातून भारतात विमान कारखाना काढण्याच्या कल्पनेने आकार घेतला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले. महायुद्ध पेटलेले असल्याने १९४१ मध्ये ब्रिटिश भारत सरकार भागीदार झाले आणि पुढच्याच वर्षी कारखाना पूर्णपणे सरकारच्या ताब्यात गेला. स्वप्न वालचंदांचे असले, तरी त्यांच्या हाती कारखाना जेमतेम दोन वर्षेही राहिला नाही.

दुसरा महत्त्वाचा मराठी माणूस म्हणजे कोल्हापूर परिसरातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. पुढे ‘किरण’ या जेट प्रशिक्षण विमानाचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

ओझरला कारखाना कसा आला?

मिग-२१ च्या परवाना उत्पादनासाठी भारताने १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला. काम तीन ठिकाणी विभागले गेले : विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. त्या वेळी संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी मिग प्रकल्पासाठीची कंपनी आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट यांचे विलीनीकरण होऊन आजची ‘एचएएल’ झाली.

सुरुवातीला सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडले जात. पुढे टप्प्याटप्प्याने कच्च्या मालापासून विमान घडू लागले. ओझरमधून साडेपाचशेहून अधिक मिग-२१, दीडशेहून अधिक मिग-२७ आणि नंतर दोनशेहून अधिक सुखोई-३० एमकेआय बाहेर पडली. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा, दवाखाना आला. द्राक्षे आणि कांद्याच्या पट्ट्यातील तरुण आयटीआय करून विमानाच्या पंखावर रिव्हेट मारू लागले.

जतन म्हणजे नेमके काय जपायचे?

जतन म्हटले की चौकात चबुतऱ्यावर उभे केलेले विमान डोळ्यांसमोर येते. तेही आवश्यक आहे, पण तेवढे पुरत नाही. इंजिन आणि शस्त्रे काढलेला सांगाडा उघड्यावर ठेवला की ऊन-पाऊस ॲल्युमिनियमला सोडत नाही. किनाऱ्यालगतची खारी हवा तर गंज आणखी वाढवते. नियमित रंगरंगोटी आणि छप्पर नसेल तर वारसा म्हणून मांडलेली वस्तू काही वर्षांत भंगार दिसू लागते.

त्याहून नाजूक ठेवा म्हणजे कामाचे ज्ञान. कोणता साचा का बदलला, रशियन आराखड्यावरील शब्दांचा अर्थ कसा लावला, पहिल्या जोडणीत कुठे अडले, हे बहुतेकदा कागदावर नसते. १९६६ मध्ये विशीत असलेला कामगार आज ऐंशीच्या घरात आहे. संरक्षणविषयक आराखडे खुले करता येणार नाहीत, हे खरे. पण कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, वसाहतीतील छायाचित्रे, प्रशिक्षणाच्या वह्या आणि जुनी हत्यारे यांना गोपनीयतेची अडचण सहसा नसते.

गौरवाबरोबर अपघातही सांगायचे का?

सांगायलाच हवेत. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गमावली गेली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा मृत्यू झाला होता. विमानाचे वाढते वय, सुट्या भागांची टंचाई, पक्ष्यांची धडक, प्रगत प्रशिक्षण विमानांचा अभाव अशी कारणे वेळोवेळी पुढे आली. १९७१ च्या युद्धातील कामगिरीइतकाच हा भागही या विमानाचा इतिहास आहे. तो वगळला तर उरते ती केवळ जाहिरात.

नोंदी नसल्या तर काय होते?

शिवकर बापूजी तळपदे यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. मात्र पडताळता येईल असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. त्यामुळे तळपदे यांनी खरोखर कोणते प्रयोग केले, हेही या वादात झाकोळून गेले. नोंद नसली की एकीकडे दंतकथा वाढते आणि दुसरीकडे खरे श्रेय हरवते.

वसई-विरारकरांनी यातून काय घ्यावे?

नालासोपाऱ्याला हा धडा नवा नाही. १८८२ मध्ये, म्हणजे वालचंद जन्मले त्याच वर्षी, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटी, करंडक आणि बुद्धमूर्ती मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. तरीही त्या ‘सोपाऱ्याच्या’ म्हणून ओळखल्या जातात, कारण कोणती वस्तू कुठे व कशी मिळाली, याची तपशीलवार नोंद इंद्रजींनी करून ठेवली. वस्तू जागेवरून हलली तरी नोंदीमुळे तिचे गाव सुटले नाही.

भारतात बांधलेले जुने लढाऊ विमान पाहायचे तर लांब जायला नको. जून १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेले ‘एचएएल’चे एचएफ-२४ ‘मरुत’ मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहायला मिळते. चंडीगडला हवाई दलाचे वारसा केंद्र २०२३ मध्ये सुरू झाले. बंगळूरुला ‘एचएएल’चे स्वतःचे संग्रहालय २००१ पासून आहे. ओझरच्या आठवणींनाही अशीच हक्काची, लोकांना जाता येईल अशी जागा हवी.

तोवर ज्यांच्या घरी विमान कारखान्यातून किंवा हवाई दलातून निवृत्त झालेले आजोबा, काका असतील, त्यांनी दोन कामे करावीत. जुन्या छायाचित्रांमागे नावे, ठिकाण आणि साल लिहावे. आणि मोबाइल समोर ठेवून एवढेच विचारावे : तुमचा कामाचा पहिला दिवस कसा होता?