श्वास मोजायला एक मिनिट

बालरोग वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडला की ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदी दिसतात. ताप खालीवर होतो, नाडीही होते. श्वासाची ओळ मात्र बऱ्याचदा सरळ चालते : २४, २४, २६, २४. रात्रपाळीला तीस-पस्तीस मुलांमागे दोनच सिस्टर असतील तर असं होणारच. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी ऑक्सिमीटर सांगतो. श्वास मोजायचा तर मुलाचा सदरा वर करून, छातीपोटाकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. मध्येच मूल रडलं की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मूल बिघडू लागलं की पुष्कळदा आधी हीच ओळ बोलते. न्यूमोनियाची शंका कधी घ्यायची याचे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे ठरलेले आहेत : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, त्यापुढे वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आजारी मूल श्वास आणि नाडी वाढवून बराच वेळ तग धरतं, रक्तदाबही टिकवून ठेवतं, आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे दोन राऊंडच्या मधले तास फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच कोरे राहतात.

ते भरून काढायला आता अंगावर लावायची बिनतारी यंत्रं आली आहेत. एका सरकारी रुग्णालयात ती लावताना मला जवळून बघायला मिळाली. सिस्टरनी आधी आठ महिन्यांच्या बाळाच्या छातीवरची पावडर पुसली. तेल आणि पावडर असली की पट्टी धरत नाही, आणि आपल्याकडे आजारी बाळालाही आई दोन्ही लावते. ओला कापूस, मग कोरडा, मग गळ्याच्या हाडाखाली डावीकडे पट्टी. तिच्यात हृदयाचा विद्युतसंकेत उमटतो. छातीत हवा भरली की विजेला होणारा अडथळा किंचित वाढतो, त्यावरून श्वास मोजला जातो. दुसरा तुकडा पायाच्या अंगठ्याला. त्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे त्याप्रमाणे ते कमीजास्त शोषले जातात. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७४ साली मांडलेलं तत्त्व आजही तेच आहे. वरून पायमोजा चढवला, म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड आत जात नाही आणि बाळही ते उपटत नाही.

“शॉक नाही ना लागणार, सिस्टर?” आईने विचारलं.

“नाही ताई, वायरच कुठंय? घ्या त्याला मांडीवर. पाजा खुशाल.”

ही सोय मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. वायरींचा मॉनिटर लावला की काहीतरी निसटेल या धास्तीने बाया मुलाला उचलायलाच घाबरतात. पलंगाच्या कडेला बसून नुसता पाय चोळत राहतात.

बाळ प्यायला लागलं तसा काउंटरवरच्या टॅबलेटवर श्वासाचा आकडा गेला आणि तिथे दोन रेघा आल्या. अंग हललं, रडणं-चोखणं सुरू झालं की श्वासाचा संकेत त्यात हरवतो. निवासी डॉक्टर म्हणाले, “खोट्या चोविसापेक्षा या रेघा बऱ्या.” मला ते पूर्ण पटलं. रेघा दिसल्या तर कोणीतरी उठून बघायला जातं, चोविसाकडे कोणी जात नाही.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाने मुलांवरच्या अशा बिनतारी देखरेखीसाठी फॉर्म्युला वन शर्यतींतल्या मॅक्लारेनच्या इंजिनिअरांची मदत घेतली होती. धावत्या गाडीचे संकेत लांबून वाचणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांच्या कामात सुटा आकडा फारसा कामाचा नसतो, तो कुठून कुठे चालला आहे ते बघायचं असतं. मुलांचंही तसंच. महिन्याच्या बाळाचे १४५ ठोके साधे असतात, दहा वर्षांच्या मुलाचे शांत झोपेत तेवढे असतील तर धावावं लागतं. वय न घालता पट्टी सुरू केली की वॉर्डभर टिंगटिंग सुरू होते. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात कॅमेरे लावून हे तपासलं गेलं. २०१५ च्या त्या अभ्यासात साध्या वॉर्डातले ९९ टक्के अलार्म काहीच करायची गरज नसलेले निघाले. असे अलार्म जितके जास्त कानावर पडलेले, तितका नर्सना पुढच्या अलार्मपाशी पोहोचायला उशीर होत होता.

डेंगीच्या मुलाबाबत तर नुसत्या पट्टीवर विसंबून चालतच नाही. ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच सुमाराला रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. वरच्या-खालच्या रक्तदाबातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की ते मूल शॉकमध्ये चाललेलं असतं. वाढती नाडी पट्टी दाखवील, पण हे अंतर कळायला बीपीचा पट्टा बांधावाच लागतो. हातपाय गार पडलेत का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतते का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पट्टीमुळे वाचलेली मिनिटं या कामाला मिळायला हवीत. ती धरून नर्सची एखादी जागा कमी करायचा हिशेब कोणी मांडत असेल तर तो मुलांच्या जिवावरचा हिशेब आहे.

वॉर्डात खरी अडचण मात्र चिकटपट्ट्यांची होती. सेन्सर स्पिरिटने पुसून, चार्ज करून पुढच्या मुलाला लावता येतो, चिकटपट्टी दर वेळी नवी लागते. सेन्सर देणगीत आले होते, चिकटपट्ट्यांचं इंडेंट स्टोअरमध्ये पडून होतं. मग उरलेल्या पट्ट्या कोणाला लावायच्या हे सकाळच्या राऊंडला ठरे : आधी सहा महिन्यांच्या आतली, मग ऑक्सिजनवरची. बाकीच्यांचा श्वास सिस्टर घड्याळावर मोजत. देणगीदारांनी सेन्सरसोबत निदान दोन वर्षांच्या चिकटपट्ट्यांचे पैसे द्यावेत, आणि रुग्णालयाने ती तरतूद लेखी मागून घ्यावी.