सर्व्हर बदलण्याआधी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे सर्व्हर बदलून देणं हा माझा व्यवसाय. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॉपी व्हायला किती वेळ लागेल?" कॉपी एका रात्रीत होते. मी आधी विचारतो ते वेगळं: कॉमन ड्राइव्हवर आहे तरी काय, आणि त्यातलं कोणतं कोणाचं?

टॅलीतल्या नोंदी रकान्यांत बसतात. पार्टीचं नाव, तारीख, रक्कम. शोधलं की सापडतं. पण कारखाना चालतो तो त्याबाहेरच्या पसाऱ्यावर. ड्रॉइंग, कोटेशनं, तपासणीचे फोटो, स्कॅन केलेली चलनं, व्हॉट्सॅपवरून उतरवलेल्या पीडीएफ. याला रकाने नाहीत, असतं फक्त फाइलचं नाव. तेही 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल साहेब'. यातली चालू कोणती, हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला की ते कायमचं हरवतं. म्हणून तो असेपर्यंत त्याच्याशेजारी बसून यादी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

हलवताना नुकसान होतं ते दिसत नाही. असेंब्लीच्या ड्रॉइंगमध्ये सुट्या भागांच्या फायलींचे पत्ते साठवलेले असतात. फोल्डरचं नाव बदललं की असेंब्ली उघडते, पण भाग सापडत नाहीत. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं तर फाइल नव्या फोल्डरच्या परमिशन घेते. एचआरपुरतं असलेलं पगारपत्रक सकाळी सगळ्या ऑफिसला उघडं होऊ शकतं. विंडोजसोबत येणारं रोबोकॉपी परमिशनसकट नेतं, पण तसं स्पष्ट सांगावं लागतं.

आपल्याकडची एक अडचण मात्र परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडायची नाही. जुन्या नोटिसा, ठेकेदारांचे करार, युनियनबरोबरचे समझोते बऱ्याच ठिकाणी युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. त्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. नव्या मशीनवर तो फाँट नसला की समझोत्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. जुन्या-नव्या फायलीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, तंतोतंत जुळतो. कॉपी बिनचूक, आणि तरी वाचता येत नाही! शोधमध्ये 'बोनस' टाइप केलं तरी ती फाइल येत नाही. अशा फायली जुनं मशीन बंद करण्याआधी वेगळ्या काढाव्यात, पीडीएफ करून ठेवाव्यात आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरं आणि रफार इथे हमखास बिघडतात. कामगारांच्या हक्काचे कागद आहेत हे. यात घाई करू नये.

बॅकअपचं थोडक्यात सांगतो. रॅन्समवेअर शिरलं की त्या यूजरला जिथे लिहिता येतं ते सगळं ते कुलूपबंद करू शकतं, सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कसुद्धा. म्हणून एक प्रत केबल काढून दुसऱ्या जागी हवी. हिशोबाची पुस्तकं व्हाउचरांसकट ८ वर्षं जपण्याचं बंधन कंपनी कायद्याच्या कलम १२८ने घातलंच आहे, आणि स्कॅन केलेली व्हाउचरं याच पसाऱ्यात पडलेली असतात.

बॅकअप असणं आणि तो परत मिळणं यांत अंतर आहे. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' बनत असताना एका चुकीच्या कमांडने चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप नीट होत नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन ससमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला.

माझ्या ग्राहकांकडे मी रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवून बघायला लावतो. एक असेंब्ली, एक मराठी करार, एक स्कॅन केलेलं व्हाउचर. त्या वेळी डिझाइनचा आणि अकाउंट्सचा माणूस शेजारी लागतो. फाइल उघडली एवढं मला दिसतं, ती बरोबर आहे का ते त्यांनाच कळतं.