आक्रसलेली बेगमी : ध्रुवीय अस्वलाच्या साठ वर्षांचा मागोवा

ध्रुवीय अस्वलाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः सप्टेंबर 1965पासून धरला जातो. त्या महिन्यात अलास्कातील फेअरबँक्स येथे अमेरिका, कॅनडा, सोव्हिएत संघ, नॉर्वे आणि ग्रीनलंडचा कारभार पाहणारा डेन्मार्क या पाच देशांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि आर्क्टिक महासागराभोवती नेमकी किती अस्वले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, ही गोष्ट उघडपणे मान्य झाली. शीतयुद्ध ऐन भरात असताना या देशांना एका मेजावर आणणारा विषय हा प्राणी ठरावा, ही त्या काळाची एक गंमतच म्हटली पाहिजे. त्या वेळी समोर दिसणारे संकट मात्र बर्फाचे नव्हते, बंदुकीचे होते. अलास्कात हौशी शिकारी लहान विमानांतून अस्वलांचा माग काढत होते, आणि उत्तर ध्रुवाकडील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात आमिषाला तोंड लावताच आपोआप सुटणाऱ्या बंदुकांचे सापळे लावले जात होते. सोव्हिएत संघाने 1956मध्येच शिकारीवर बंदी घातली होती. अमेरिकेने 1972च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने आणि नॉर्वेने 1973मध्ये तोच मार्ग धरला. 15 नोव्हेंबर 1973 रोजी ओस्लो येथे पाचही देशांनी करारावर सह्या केल्या. इन्युइट आणि इतर स्थानिक समाजांचा शिकारीचा परंपरागत हक्क या करारात राखला गेला, आणि अस्वल ज्या परिसंस्थेचा भाग आहे तिचेही रक्षण करण्याचे बंधन त्याच्या दुसऱ्या कलमात घातले गेले. सह्या करणाऱ्यांच्या मनात तेव्हा बहुधा तेलाच्या विहिरी आणि जहाजे असावीत. परिसंस्थेचा पायाच वितळू लागेल, असे त्या काळी कोणी गृहीत धरले नव्हते.

हा पाया म्हणजे सागरी बर्फ, अर्थात समुद्राचे खारे पाणी गोठून तयार होणारा आणि दर उन्हाळ्यात कमी-अधिक वितळणारा पृष्ठभाग. हिमनदीतून तुटून आलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फाहून तो वेगळा. ध्रुवीय अस्वलाचे मुख्य भक्ष्य असलेला वलयांकित सील खुल्या पाण्यात त्याच्या हाती जवळजवळ लागत नाही. श्वास घेण्यासाठी सील बर्फातील छिद्राशी येतो किंवा पिलांना जन्म देण्यासाठी बर्फावरील घळीत राहतो, तेव्हाच अस्वलाचा डाव साधतो. वसंतापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत नुकतीच दूध सुटलेली सीलची पिले मुबलक असतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याच्या आसपासचा भाग चरबीचा असतो आणि शत्रूची ओळख त्यांना अजून पटलेली नसते. कोकणातल्या घरात पावसाळ्यापूर्वी वर्षाची बेगमी केली जाते, तशी अस्वलाची वर्षभराची बेगमी याच काही आठवड्यांत होते आणि ती त्याच्या कातडीखाली साठते. त्यामुळे तापमानवाढीने त्याचे नुकसान होते ते उष्म्यामुळे फारसे नाही. बेगमीचे दिवस कमी होतात आणि उपवासाचे दिवस वाढतात, हे खरे नुकसान.

हे सूत्र जेथे प्रथम आकड्यांत मांडले गेले, ते कॅनडातील हडसन उपसागराचा पश्चिम किनारा आणि मॅनिटोबा प्रांतातील चर्चिल हे छोटे गाव. हा उपसागर दर उन्हाळ्यात पूर्णपणे बर्फमुक्त होतो. म्हणून तेथील सर्व अस्वलांना किनाऱ्यावर येऊन नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत साठवलेल्या चरबीवर काढावे लागते, आणि गाभण मादी तर पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळमातीच्या काठात घळ खणून तेथेच विणते व सुमारे आठ महिने काही न खाता राहते. संशोधकांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, कारण जो प्राणी एरवी हजारो किलोमीटर बर्फावर विखुरलेला असतो तो येथे दरवर्षी ठरावीक किनाऱ्यावर सापडतो. कॅनडाच्या वन्यजीव सेवेतील इयन स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्वलांना गुंगीचे औषध देऊन मोजण्याची, खुणा करण्याची आणि एक छोटा दात काढून त्यातील थरांवरून वय ठरवण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालवली. 1980च्या दशकाच्या आरंभी या नोंदी समृद्धीच्या होत्या: एका वेळी तीन पिले होणे ही येथे अपूर्वाई नव्हती, आणि इतरत्र अडीच वर्षे आईजवळ राहणारी पिले येथे पुष्कळदा दीड वर्षातच स्वतंत्र होत.

स्टर्लिंग आणि अँड्र्यू डेरोशर यांनी 1993मध्ये तापमानवाढीचे ध्रुवीय अस्वलावर होऊ शकणारे परिणाम मांडले, तेव्हा तो बव्हंशी तर्क होता. सहा वर्षांनी, 1999मध्ये, त्याच उपसागरातील दीर्घकालीन नोंदींनी त्याला आधार दिला: बर्फ जितका लवकर फुटे, तितकी त्या वर्षी अस्वले अधिक कृश होऊन किनाऱ्यावर येत. एकट्या आढळलेल्या, म्हणजे बहुधा गाभण असलेल्या माद्यांचे सरासरी वजन 1980च्या सुमारास 290 किलोग्रॅमच्या आसपास होते, ते 2004पर्यंत सुमारे 230वर आले. पूर्वीच्याच संशोधनात असे दिसले होते की शरदात 189 किलोग्रॅमहून हलक्या असलेल्या एकाही मादीला पुढील वसंतात पिले झालेली आढळली नव्हती. ध्रुवीय मादीत फलित अंड गर्भाशयात लगेच रुजत नाही. वसंतात समागम होऊनही ते शरदापर्यंत थांबून राहते, आणि चरबीची बेगमी अपुरी पडली तर गर्भ पुढे वाढतच नाही. 230 आणि 189 या दोन आकड्यांमधले अंतर किती उरले आहे, याकडे पाहिले की सरासरी घसरण एवढी चिंताजनक का मानली गेली ते कळते. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील या गटाची संख्या 1987मध्ये सुमारे 1194 होती. ती 2004मध्ये 935, 2016मध्ये 842 आणि 2021च्या हवाई पाहणीत 618 अशी अंदाजली गेली. मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या आणि काही अस्वले शेजारच्या किनाऱ्यावर सरकली असण्याची शक्यताही राहते, म्हणून प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे फार ताणू नये. दिशा मात्र चारही आकड्यांची एकच आहे.

याच काळात एक मतभेदही वाढला, आणि त्याकडे दुर्लक्ष करून हा इतिहास पूर्ण होत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातील इन्युइट शिकारी सांगत होते की वस्त्यांजवळ पूर्वीपेक्षा जास्त अस्वले दिसतात. वैज्ञानिकांचे उत्तर असे होते की कमी बर्फामुळे तीच अस्वले जास्त दिवस जमिनीवर राहतात. हे उत्तर हडसन उपसागरापुरते बरेचसे पटण्याजोगे आहे, पण ते सर्वत्र लावणे ही चूक ठरली असती. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2015मध्ये एकूण संख्या 22,000 ते 31,000च्या दरम्यान धरली तेव्हा तिच्यामागे 19 उपसमूह होते, आणि त्यांची स्थिती एकसारखी नव्हती. अलास्का व कॅनडाच्या उत्तरेकडील दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रातील गट 2001 ते 2010 या काळात सुमारे 40 टक्क्यांनी घटला, तर पश्चिमेला लागून असलेल्या चुकची समुद्रात, बर्फ घटूनही, सुमारे 3,000 अस्वले धष्टपुष्ट आढळली, कारण तेथील उथळ समुद्र अधिक उत्पादक आहे. कॅनडा व ग्रीनलंडदरम्यानच्या केन बेसिन या सागरी पट्ट्यात तर अनेक वर्षांचा जाड बर्फ पातळ होऊन दरवर्षी नव्याने गोठणारा बर्फ आल्याने सील वाढले आणि अस्वलांची प्रकृती काही काळ सुधारली. पातळ बर्फ हा जाड आणि शून्य यांच्या मधला टप्पा आहे, आणि त्या टप्प्याचा लाभ तात्पुरता आहे, एवढे मात्र तेथेही खरे.

मग अस्वल जुळवून घेते का? या प्रश्नाभोवतीची चर्चा गेल्या वीस वर्षांत बरीच गोंधळली, कारण एका जिवाने वर्तन बदलणे आणि जातीने पिढ्यान्‌पिढ्या शरीराने बदलणे या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला गेला. वर्तन बदलण्यात हा प्राणी कमी पडलेला नाही. स्वालबार्डमध्ये बर्फ मागे सरकू लागला, तसा तो हिमनद्यांच्या मुखाजवळ कमी आणि पक्ष्यांच्या वसाहतींत अधिक वेळ काढू लागला व अंडी फस्त करू लागला. त्याच द्वीपसमूहातील हॉर्नसुंड खाडीत 2020मध्ये रेनडिअरचा पाठलाग करून शिकार करणारी मादी चित्रित झाली. रशियाच्या रँगेल बेटावर 2017मध्ये किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या मृतदेहावर दोनशेहून अधिक अस्वले जमली. रशियाच्याच नोवाया झेमल्या द्वीपसमूहातील बेलुश्या गुबा येथे फेब्रुवारी 2019मध्ये पन्नासाहून अधिक अस्वले वस्तीत फिरू लागल्याने आणीबाणी जाहीर करावी लागली. उपाशी प्राण्याची ही हुशारी खरीच आहे. प्रश्न तिच्या जमाखर्चाचा आहे.

तो जमाखर्च मांडण्याचे काम मागील दहा-बारा वर्षांत झाले. उन्हाळ्यात अस्वल चालते-फिरते राहूनही शीतनिद्रेसारखी ऊर्जा वाचवते, ही आशादायक कल्पना 2015मध्ये मागे पडली: शरीराचे तापमान आणि हालचाल थोडी उतरते, पण कोणत्याही उपाशी सस्तन प्राण्यात उतरते तेवढीच. अँथनी पगानो आणि सहकाऱ्यांनी 2018मध्ये ब्यूफोर्ट समुद्रातील नऊ माद्यांच्या गळ्यात कॅमेरे बांधून दाखवले की त्यांचा ऊर्जाखर्च आधी समजल्यापेक्षा सुमारे 1.6 पट आहे. तो भागवायला दर दहा-बारा दिवसांनी एक प्रौढ सील हवा. त्याच गटाने पुढे हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर 20 अस्वलांवर तीन आठवडे नजर ठेवली. काही निपचित पडून राहिली, काही बोरांसारखी फळे, गवत आणि मेलेले पक्षी खात भटकली, काहींनी पाण्यात लांबचा पल्लाही गाठला. तरी 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 20पैकी 19 अस्वलांचे वजन घटले, कोणाचे रोज 0.4, तर कोणाचे 1.7 किलोग्रॅम. भटकणाऱ्यांना मिळालेले अन्न त्यांच्याच भटकण्यात खर्ची पडले. पोहण्याचा हिशेबही असाच महाग आहे: ब्यूफोर्ट समुद्रातील एका मादीने नऊ दिवसांत 687 किलोमीटर सलग पोहून काढल्याची नोंद 2011मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यापुढील भटकंतीसह त्या सगळ्या प्रवासात तिने आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा व एक वर्षाचे पिल्लू गमावले.

दुसऱ्या अर्थाने, म्हणजे उत्क्रांतीच्या अर्थाने, जुळवून घेण्याला वेळ लागतो. स्वालबार्डमध्ये सापडलेला ध्रुवीय अस्वलाचा जबडा 1,10,000 ते 1,30,000 वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे ही जात मागील उष्ण कालखंडातून तग धरून आली. इतकी चरबी खाऊनही हृदयविकार न होण्यामागे असलेले जनुकीय बदल 2014च्या अभ्यासात तपकिरी अस्वलाशी तुलना करून दाखवले गेले; पण ते बदल हजारो पिढ्यांचे संचित होते, आणि मादी सुमारे तीन वर्षांनी एकदा विते अशा प्राण्याला काही दशकांत त्याची पुनरावृत्ती करता येत नाही. तपकिरी अस्वलाशी संकर हा मार्गही बातम्यांत रंगवला गेला तेवढा मोठा नाही: कॅनडाच्या वायव्येकडे 2006पासून सापडलेले आठ संकरित प्राणी एकाच ध्रुवीय मादीचे वंशज असल्याचे जनुकीय तपासणीत निघाले.

या चित्राला छेद देणारा एकमेव मोठा शोध 2022चा. क्रिस्टिन लायड्रे आणि सहकाऱ्यांनी आग्नेय ग्रीनलंडमध्ये काही शे अस्वलांचा वेगळा, जनुकीयदृष्ट्या अलग पडलेला गट ओळखला. तेथील फ्योर्डांत, म्हणजे उभ्या कड्यांमधील अरुंद खाड्यांत, सागरी बर्फ वर्षातून 250हून अधिक दिवस नसतो. तेवढा उपवास बहुतेक अस्वलांना झेपत नाही. पण हिमनद्यांतून तुटणारे गोड्या पाण्याच्या बर्फाचे तुकडे तेथे एकमेकांत अडकून तरंगता चौथरा तयार होतो, आणि त्यावरून सीलची शिकार चालते. येथील माद्या आकाराने लहान आहेत, पिलेही कमी होतात. तरी गट टिकून आहे. समुद्रापर्यंत पोहोचणाऱ्या अशा हिमनद्या मुख्यतः ग्रीनलंड आणि स्वालबार्डमध्येच आहेत, हडसन उपसागराभोवती नाहीत. स्वालबार्डमधील सागरी बर्फाची घट भारतालाही जवळून दिसते: गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ स्थानक 2008पासून स्वालबार्डमध्ये न्यू-आलेसुंड येथे आहे. ते ज्या कोंग्सफ्योर्डच्या काठी वसले आहे तेथे एकेकाळी हिवाळ्यात भक्कम गोठणारे पाणी 2006नंतर बहुतेक वर्षी नीट गोठलेले नाही, आणि तरीही वस्तीबाहेर पडणाऱ्याला अस्वलाच्या भीतीने बंदूक बाळगावी लागते.

कायद्याने या काळात आपली भाषा बदलली. अमेरिकेने मे 2008मध्ये ध्रुवीय अस्वलाला संकटग्रस्त ठरवले, 2009मध्ये ट्रोम्सो येथे करारातील देशांनी हवामानबदल हाच सर्वांत मोठा दीर्घकालीन धोका असल्याचे मान्य केले, आणि 2015मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसात गावी दहा वर्षांचा संयुक्त कृती आराखडा स्वीकारला. बंदुकीचा प्रश्न पाच सह्यांनी सुटला होता. बर्फाचा प्रश्न मात्र ज्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुराशी बांधलेला आहे, त्यांतील बहुतेक त्या पाच देशांच्या हद्दीबाहेर आहेत. उत्सर्जन असेच वाढत राहिले तर 2100पर्यंत बहुतेक उपसमूहांत पिलांचे जगणे उपवासाच्या मर्यादेपलीकडे जाईल, असा अंदाज 2020मध्ये पेटर मोल्नार आणि सहकाऱ्यांनी मांडला.

चर्चिलमध्ये वस्तीत वारंवार शिरणाऱ्या अस्वलांना ठेवण्यासाठी 1980च्या दशकाच्या आरंभापासून एक जुनी लष्करी इमारत वापरली जाते. गावकरी तिला अस्वलांचा तुरुंग म्हणतात. पकडलेल्यांना तेथे पाणी मिळते, अन्न मिळत नाही, कारण माणसाच्या वस्तीत खायला मिळते ही सवय त्यांना लागू द्यायची नसते. काहींना हेलिकॉप्टरने उत्तरेकडे नेऊन सोडतात. उरलेल्यांच्या सुटकेची तारीख मात्र अजूनही उपसागर केव्हा गोठतो यावरच ठरते.