टर्बोचार्जरयुक्त मोटारगाडीतील एंजिन-कक्षाचे उष्णता नियंत्रण

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून त्याच्या साहाय्याने एंजिनाला दाबयुक्त हवा पुरविणाऱ्या साधनास टर्बोचार्जर म्हणतात. अशा गाडीची मूळ निष्कास प्रणाली काढून अधिक व्यासाची व कमी रोध असणारी प्रणाली बसविल्यास शक्ती वाढते. परंतु त्याबरोबर बॉनेटखालील बंदिस्त जागेत पसरणारी उष्णताही वाढते. ही उष्णता निष्कास नळातच राखणे, शेजारच्या घटकांपर्यंत पोहोचू न देणे आणि जी पसरेल ती कक्षाबाहेर काढून टाकणे या तीन कार्यांचा अंतर्भाव उष्णता नियंत्रणात होतो [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

पार्श्वभूमी : निष्कास वायूंवर चालणाऱ्या अधिभारणाचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर विमानाच्या एंजिनावर टर्बोचार्जरची चाचणी घेतली. विमानांत उष्णतेचा प्रश्न काही अंशी वाऱ्यावरच सोडविता येत असे. उदा., लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानात टर्बोचार्जर शेपटीकडे जाणाऱ्या दांड्यांच्या वरच्या पृष्ठावर उघडे बसविलेले होते. मोटारगाडीत ही सोय नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांत प्रथमच टर्बोचार्जर विक्रीसाठी उपलब्ध झाला, तेव्हापासून तप्त टरबाइन आणि रबर, प्लॅस्टिक, तेल व इंधन यांना एकाच झाकणाखाली नांदविणे हा अभिकल्पातील कायमचा प्रश्न होऊन बसला आहे.

उष्णतेचा उगम व मार्ग : इंधनातील ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश यांत्रिक कार्यात रूपांतरित होते, एक तृतीयांश शीतक द्रवात व एंजिनाच्या पृष्ठभागावरून जाते आणि उरलेली निष्कास वायूंबरोबर बाहेर पडते. म्हणजे १०० किवॉ. शक्ती देणारे एंजिन पूर्ण भारावर जवळजवळ तेवढीच ऊर्जा निष्कास नळात सोडत असते. पेट्रोल एंजिनात टरबाइनपाशी वायूंचे तापमान ९५०° ते १,०५०° से. पर्यंत जाऊ शकते. डीझेल एंजिनात ते सामान्यतः यापेक्षा कमी असते. नळापासून शेजारच्या घटकांकडे उष्णता संवहन, अभिसरण व प्रारण या तिन्ही मार्गांनी जाते. तथापि धातू लालसर होऊ लागला की प्रारणाचा वाटा झपाट्याने वाढतो, कारण प्रारित ऊर्जा केवल तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. पृष्ठभागाचे तापमान ६२७° से. वरून (९०० के.) ९२७° से. वर (१,२०० के.) गेले, तर ते सेल्सियस मापनात दीडपटच वाढते, परंतु प्रारण तिपटीहून अधिक होते. एंजिन-कक्षातील बरेचसे अनपेक्षित नुकसान या नियमामुळे घडते.

निष्कास बदलाचे परिणाम : टरबाइननंतरचा नळ रुंद केल्याने टरबाइनपुढील प्रतिदाब कमी होतो, टरबाइनच्या दोन बाजूंमधील दाबांचा फरक वाढतो आणि टर्बोचार्जर लवकर वेग घेतो. त्यानंतर बहुधा भरणदाब व इंधनपुरवठाही वाढविण्यात येतो. त्यामुळे वायूंचे वस्तुमान व त्यांतील एकूण उष्णता वाढते. मोठ्या व्यासाच्या नळाचा बाह्य पृष्ठभागही मोठा असतो व तो शेजारच्या भागांच्या अधिक जवळ येतो. मूळचा शाखानळ (मॅनिफोल्ड) बहुधा जाड बिडाचा असून त्यावर निर्मात्याने पत्र्याची कवचे बसविलेली असतात. बदली शाखानळ पातळ अगंज पोलादी नळ्यांचा असला, तर जुनी कवचे त्यावर बसत नाहीत व ती काढून बाजूला ठेवली जातात. वाढलेली उष्णता आणि नाहीसे झालेले संरक्षण या दोहोंचा योग हाच खरा धोका होय.

पोलादाची निवडही महत्त्वाची ठरते. ऑस्टेनाइटी अगंज पोलादाची उष्णता संवाहकता साध्या पोलादाच्या सु. एक तृतीयांश असते, हे सोयीचे आहे. मात्र त्याचे प्रसरण जवळजवळ दीडपट असते. १ मी. लांबीचा असा नळ ६०० अंशांनी तापल्यास सु. १ सेंमी. लांब होतो. या वाढीला वाव देणारा लवचिक जोड (वलीदार धातुनळी) नसेल, तर सांधणीला तडे जातात आणि फटीतून निघणारा तप्त वायूचा झोत समोर येईल ते जाळतो. भारतातील गाड्यांत सुकाणू उजवीकडे असते. डाव्या सुकाणूच्या गाड्यांसाठी परदेशात बनविलेला नळ येथे सुकाणूच्या दांड्याला वा गतिरोधकाच्या नळ्यांना घासून जाण्याचा संभव असतो, म्हणून नळ बसविण्यापूर्वी ही अंतरे मोजणे आवश्यक असते.

घटकांच्या तापसहन मर्यादा : विजेच्या तारांवरील साधे पीव्हीसी आवरण ७०° ते १०५° से. पर्यंत टिकते. नायट्राइल रबराच्या नळ्या १००° ते १२०° से. च्या पुढे कडक होऊन तडकतात. सिलिकोन रबर सु. २००° से. पर्यंत चालते, परंतु ते इंधन व तेल यांच्या संपर्कास अयोग्य असते. गतिरोधक द्रवाची बाब सर्वांत गंभीर आहे. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, हवेतील आर्द्रता शोषल्यावर तो १४०° से. पर्यंत उतरलेला चालतो. नळ्यांत द्रव उकळून वाफ झाली, तर ती दाबली जाते व पायाखालील पट्टी (पेडल) तळाला जाऊनही चाके थांबत नाहीत. तप्त नळावर इंधन किंवा तेल गळल्यास ठिणगीवाचूनही आग लागू शकते, कारण पेट्रोलाचे स्वयंप्रज्वलन तापमान २५०° ते २८०° से. च्या आसपास असते.

अंतर्ग्रहण हवेवरील परिणाम : हवेची घनता केवल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर्ग्रहण हवा ३०° ऐवजी ६०° से. ला घेतली, तर तिची घनता सु. ९ टक्क्यांनी घटते. दाब दुप्पट करणाऱ्या व ७० टक्के कार्यक्षम असणाऱ्या संपीडकातून ३०° से. ची हवा सु. १२५° से. ला बाहेर पडते, तर ६०° से. ची हवा सु. १६४° से. ला. म्हणजे आरंभीचा ३० अंशांचा फरक शेवटी ३९ अंशांचा होतो. तो भार आंतरशीतकावर (इंटरकूलरवर) पडतो. त्याला तो पेलवला नाही, तर ठोकायुक्त ज्वलन सुरू होते आणि नियंत्रक यंत्रणा प्रज्वलन लांबवून शक्ती कमी करते. रुंद नळाने मिळविलेले अशा रीतीने तापलेली हवा हिरावून घेते. विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळी हवाच ४५° से. च्या घरात असते, तेथे हा परिणाम अधिक जाणवतो.

उपाय : (१) परावर्तक कवच. नळ व घटक यांमध्ये हवेची पोकळी ठेवून बसविलेला ॲल्युमिनियमाचा किंवा ॲल्युमिनियमलेपित पोलादाचा पत्रा हा स्वस्त व सर्वांत भरवशाचा उपाय आहे. चकचकीत ॲल्युमिनियमाची उत्सर्जकता फार कमी, तर गंजलेल्या लोखंडाची ०·८ च्या आसपास असते. पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळती असली पाहिजे. नळाला चिकटून बसलेला पत्रा स्वतःच तापून निरुपयोगी होतो. सोन्याची उत्सर्जकता याहूनही कमी असल्याने मॅक्लारेन एफ-१ या गाडीच्या एंजिन-कक्षाला सोन्याच्या वर्खाचे अस्तर दिलेले होते. (२) मृत्तिका लेप. झिर्कोनिया इ. ऑक्साइडांचे लेप पृष्ठभागाचे तापमान उतरवितात व ऑक्सिडीकरणापासूनही संरक्षण देतात. लेपाआधी पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करावा लागतो. (३) तंतुमय वेष्टन. काच, बेसाल्ट अथवा सिलिका तंतूंची पट्टी नळाभोवती गुंडाळतात. टरबाइनच्या कवचासाठी शिवलेली गादी वापरतात. सु. ५००° से. च्या पुढे सामान्य काचतंतूंचे बळ झपाट्याने घटते. सिलिका तंतू सु. १,०००° से. पर्यंत टिकतात. वेष्टनाने उष्णता आत कोंडली जाऊन नळाचा धातू अधिक तापतो, त्यामुळे पातळ नळ्यांचे आयुष्य घटू शकते. वेष्टनात पाणी मुरल्यास गंज चढतो व तेल मुरल्यास ते पेट घेते. पूर्वी या कामी ॲस्बेस्टस वापरीत. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे असाध्य रोग होतात, म्हणून जुन्या गाडीवरील असे वेष्टन घरच्या घरी खरवडून काढू नये. (४) वायुवीजन. हवा रेडिएटरमधून सहज आत येते. प्रश्न ती बाहेर पडण्याचा असतो. वाऱ्याच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असल्याने तेथील झरोक्यातून हवा उलट आत शिरते. रेडिएटरच्या मागे बॉनेटच्या पुढील भागात, जेथे दाब कमी असतो, तेथे केलेले झरोके उपयोगी पडतात. (५) स्थानांतर. तारा, इंधननळ्या व गतिरोधक नळ्या दूर नेणे, ते अशक्य असल्यास त्यांवर परावर्तक बाही चढविणे.

एंजिन थांबल्यानंतरचा काळ विशेष धोक्याचा असतो. हवेचा व तेलाचा प्रवाह बंद पडतो, परंतु टरबाइनच्या जाड कवचातील उष्णता धारव्यांकडे वाहत राहते. मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या दंडाच्या धारव्यांतील तेल तेथे भाजून त्याचा कठीण कोळसा होतो व तेलमार्ग बुजतात. म्हणून चढ अथवा वेगवान प्रवासानंतर एंजिन एकदोन मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे. धारव्याभोवती पाण्याचे आवरण असणाऱ्या टर्बोचार्जरमध्ये तापलेले पाणी आपोआप वर चढून अभिसरण चालू राहते, म्हणून बदल करताना त्या जलनळ्या बंद करू नयेत. अलीकडे अनेक एंजिनांत शाखानळ सिलिंडर-शीर्षातच ओतलेला व पाण्याने वेढलेला असतो. त्यामुळे टरबाइनपूर्वीच वायूंचे तापमान काहीसे उतरते, मात्र रेडिएटरवरील भार वाढतो.

मापन व तपासणी : बदलापूर्वी व बदलानंतर एकाच मार्गावर, एकाच भाराखाली तापमाने मोजून तुलना करणे हीच परिणाम ठरविण्याची योग्य रीत होय. वायूसाठी के-प्रकारचे तपयुग्म, तर नळ्या व तारांसाठी विशिष्ट तापमानास कायमचा रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या वापरतात. अवरक्त तापमापक चकचकीत पृष्ठभागावर प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवितो, हे लक्षात ठेवावे लागते. पहिल्या काही शेकडो किमी. नंतर कवचांचे बोल्ट, लवचिक जोड, रबराचा कडकपणा आणि जळका वास यांची तपासणी पुन्हा करावी.

रोध कमी करण्यासाठी उत्प्रेरकी परिवर्तक काढून टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्यामुळे हवेत विषारी वायू सोडले जातात व बहुतेक देशांत ते बेकायदेशीर आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार करण्यास मनाई आहे. परवानगीच्या कक्षेतील बदलातही उष्णतेची व्यवस्था हा नळाच्या व्यासाइतकाच मूळ अभिकल्पाचा भाग असतो. निर्मात्याने बसविलेले कवच निरुपयोगी वाटले, तरी त्यामागे एखादी गतिरोधक नळी वा इंधननळी आहे काय, हे पाहिल्याशिवाय ते काढू नये.