सूफी ग्रंथांत ‘योगसंग्राम’ हवाच

 मराठी कवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ (१६४५) हा ग्रंथ सूफी साहित्याची चर्चा करताना बाजूला पडतो, हे मुळीच योग्य नाही. आक्षेप असा की ओवी आणि योगाची परिभाषा पाहता तो संतसाहित्यातच बसतो. पण त्यांचे गुरू चांद बोधले कादरी या सूफी परंपरेतले, हे रा. चिं. ढेरे यांनी दाखवले आहे. शिवाय लोकांचीच बोली आणि गाणी हाती घेणे ही दख्खनी सूफींची रीत होती. रिचर्ड ईटन यांच्या ‘सूफीज ऑफ बिजापूर’मध्ये (१९७८) दळताना म्हणायच्या चक्कीनाम्यांवर सविस्तर विवेचन आहे, त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अल्लाहच्या नावातला अलिफ. मग ओवीला वेगळा न्याय का? तीही जात्यावरच गायली जात होती.